दुरडीतले फोन

या उन्हाळ्यात माझा तालुका पुन्हा एकदा जिल्हा झाला. अडीच दिवसांसाठी. मंत्र्यांच्या आवाजातली एक क्लिप सकाळी कुठल्याशा ग्रुपवर येऊन पडली, 'तुमची इतक्या वर्षांची मागणी मान्य करताना मला मनापासून आनंद होत आहे', आणि दुपारपर्यंत चौकात फटाके वाजले, पेढे वाटले गेले, जेसीबीच्या तोंडातून गुलाल उधळला गेला. संध्याकाळी मंत्र्यांचा खुलासा आला. आवाज माझाच आहे, पण हे मी बोललेलो नाही, असा. तरी लोकांनी पुढचे दोन दिवस उत्सव चालूच ठेवला. आणलेला गुलाल परत थोडाच जातो?

ती क्लिप तपासायला माझ्याकडे आली. मी पोलिसात आहे, नांदेडला, आणि आमच्या खोलीत एसी आहे. तो आमच्यासाठी नाही, यंत्रांसाठी आहे; आम्हाला त्याचा फुकट लाभ होतो. कानाला हेडफोन लावून मी मंत्र्यांना चाळीसेक वेळा ऐकलं. खरा माणूस बोलता बोलता श्वास घेतो, आवंढा गिळतो, एखादा शब्द खातो. हे साहेब दीड मिनिट न थांबता बोलत होते आणि त्यांना कुठेही धाप लागत नव्हती. मात्र माझ्या गावाचं नाव त्यांनी अगदी आमच्यासारखं, मधला उच्चार दाबून घेतलं होतं. यंत्राला हे कुणी शिकवलं असेल? चाळीस वेळा ते नाव ऐकल्यावर मी हेडफोन काढला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, रस्त्यावर एक टँकर गळत चालला होता, आणि त्याच्या मागं डांबरावर पाण्याची ओली रेघ उमटून लगेच वाळत होती. ओल्या डांबराचा वास आला आणि मला तो जुना उन्हाळा आठवला. खरं तर तो दर उन्हाळ्यात आठवतो. मी फक्त कामाचं निमित्त सांगून टाळत असते.

गावाचं नाव इथं घेत नाही. घेतलं तर तिथली माणसं मला ओळखतील, आणि त्याहून वाईट म्हणजे बालाजीला ओळखतील. कर्नाटकाच्या बाजूला, निलंग्याच्या पुढं कुठंतरी आहे, एवढं पुरे.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तो उन्हाळा. मी तेव्हा लातूरला होते, नोकरीला तीन-चार वर्षं झालेली, पोलीस लाईनीतल्या एका खोलीत एकटी. आम्हाला दिवसाआड टँकर यायचा. दोन बादल्या भरल्या की मला पुरायचं. एकट्या माणसाला फारसं पाणी लागत नाही, हे मला त्या वर्षी कळलं. माझी आई मात्र गावी भीमनगरात राहायची आणि रोज चौकातल्या लायनीत उभी असायची. नळ कोरडे पडलेले. टँकर चौकात यायचा, पण कधी येईल याचा भरवसा नाही. सकाळी सातला आला तर आला, नाहीतर दुपारी तीनला. लोक पहाटे घागरी मांडायचे आणि बसून राहायचे. ऊन चढलं की घागरींची रांग तशीच आणि माणसं दुकानांच्या पडव्यांत.

दिवसभर कोण बसून राहणार? कुणाचं लेकरू तापलेलं, कुणाला चुलीकडं बघायचं. म्हणून आधी रीत अशी होती, की उठून जायचं तर घागरीपाशी चप्पल ठेवायची. चप्पल म्हणजे माणूस हजर. पण लोक हुशार. घरातली तुटकी चप्पल आणून ठेवायचे आणि दोन-दोन तास गायब. लायन पुढं सरकली की घागर ढकलायची कुणी, यावरून भांडणं. शेवटी सोजरमावशीनं नवा कायदा केला. सोजरमावशी भाजी विकायची, पण त्या उन्हाळ्यात भाजीच नव्हती, म्हणून ती चौकाची मालकीण झाली होती. तिनं आपली रिकामी दुरडी मांडली आणि सांगितलं, जायचंय त्यानं मोबाईल दुरडीत ठेवून जायचं. मोबाईल असेपर्यंत त्याची घागर आम्ही ढकलू. तुटका जोडा माणूस विसरतो, मोबाईल कोण विसरतो? दुरडीवर ओलं फडकं टाकायची चैन नव्हती, म्हणून कोरडंच टाकायचे, सावलीपुरतं.

आईनं मला हे सांगितलं होतं. "दिसा फोन करत जाऊ नको गं, मंगल. माझा फोन दुरडीत अस्तो. मी घरला येऊन सैपाक करते, तवर घागर तिथंच."

"बरं बरं," मी म्हटलं होतं. आईचं बोलणं मी तेव्हा तसंच ऐकायची, एका कानानं, समोरच्या पडद्यावर डोळे ठेवून.

आता बालाजी. तो पाटलांच्या गल्लीतला, मी भीमनगरातली, आणि आमची भेट व्हायची ती फक्त शाळेमागच्या ग्राउंडवर. दोघंही भरतीची तयारी करत होतो. मी गोळाफेकीत कच्ची होते, तर यानं मला महिनाभर कोपर कुठं ठेवायचं ते शिकवलं. कोपराला हात न लावता, तीन हात लांब उभा राहून. "अगं वर, वर! भाकर टाकून राहिलीस का गोळा?" मी भरती झाले. तो एका गुणानं राहिला, मग दुसऱ्या वर्षी छाती फुगेना, तिसऱ्या वर्षी भरतीच निघाली नाही. त्या उन्हाळ्यात, वयात बसणाऱ्या शेवटच्या भरतीत, त्याचं नाव निवड यादीत आलं. फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. म्हणजे ज्याच्यावर गुन्हा नाही, एवढाच एक कागद. त्यानं सगळ्यात आधी फोन करून मला सांगितलं. आमच्यात काही होतं का? होतं. त्याला नाव द्यायचं धाडस दोघांनीही केलं नव्हतं, एवढंच.

त्याच सुमाराला नव्या जिल्ह्याची आवई उठली. पूर्वी असल्या गोष्टीला वेळ लागायचा. भिंती रंगवायच्या, जीपवर भोंगा लावून खेडोपाडी फिरायचं, आठ दिवस आधी दवंडी. भोंगेवाला दमायचा, पाणी प्यायला थांबायचा, तेवढ्यात लोकांना विचार करायला फुरसत मिळायची. या वेळी एके दिवशी सकाळी मोबाईलवर मेसेज आला की जिल्ह्याचं ठिकाण दुसऱ्या गावाला गेलं, आणि तासाभरात चौकात हजार माणूस. मेसेज कुणी पाठवला हे आजवर कळलं नाही. रस्ता रोको सुरू झाला. दुपारी बाराच्या सुमारास एक सरकारी जीप अडवली गेली, कुणीतरी बोळा पेटवून आत टाकला, ड्रायव्हरचे दोन्ही हात भाजले. हात भाजलेला माणूस खरा होता, त्याचं ओरडणं मी नंतर व्हिडिओत पाहिलं, आणि ज्यानं हे केलं त्याला पकडायलाच हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मी लातुरात बसून आईला तीन वेळा फोन लावला. तिन्ही वेळा वाजून वाजून थांबला.

तिसऱ्या दिवशी त्या चौकाच्या टॉवरची माहिती माझ्या टेबलावर आली. हजारो नंबर. कुठला फोन त्या टॉवरखाली कधी होता, याची यादी. तेव्हा हे तंत्र आमच्याकडे नवंच होतं आणि मला ते चांगलं जमायचं. साहेब पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे. पूर्वीचे जमादार अशा वेळी हॉटेलात बसून चार चहा प्यायचे, चार लोकांना बोलतं करायचे. साहेबांना त्याचं हसू यायचं. "माणूस खोटं बोलतो, मोबाईल बोलत नाही," ते म्हणायचे. मला ते वाक्य तेव्हा फार आवडायचं.

हजारांतून माणसं निवडायची कशी? साहेबांनीच युक्ती काढली. जे येऊन गेले ते बघे. जे सकाळपासून जीप जळेपर्यंत तिथून हललेच नाहीत, ते आधीपासून ठरवून बसलेले. "न हललेले नंबर काढ," ते म्हणाले. मी काढले. तीसेक निघाले. इतके स्थिर नंबर मी कधी पाहिले नव्हते.

त्यात आईचा नंबर होता. शेजारी, तीन वेळा फोन करणारा म्हणून, माझा.

मी काय केलं ते सरळ सांगते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी ती ओळ निवडली आणि काढून टाकली. माझी आई जीप जाळायला जाणार नाही, हे मला माहीत होतं, म्हणून. मग पाच ओळी खाली बालाजीचा नंबर दिसला. बालाजीही जीप जाळणार नाही, हे मला तितकंच माहीत होतं. पण तो काढला नाही. पुरावा असा खोडता येत नसतो, असं मी स्वतःला बजावलं. पाच ओळी वर खोडून झाल्यानंतर. तेव्हा मला दुरडी आठवली नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आता तितक्या खात्रीनं म्हणवत नाही.

साहेबांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "बायकांची नावं काढ. त्या पाण्याला आल्या असतील." म्हणजे मी काही न करता आई सुटलीच असती. सात पुरुष उरले. साती जण उचलले गेले.

पाचव्या दिवशी शिपाई सांगत आला, की तुमच्या गावच्या बायका गेटवर बसल्यात. मी गेले. लिंबाच्या झाडाखाली सोजरमावशी आणि आणखी दोघी, एसटीनं आलेल्या, आणि मधे ती दुरडी. रिकामी. पुरावा म्हणून आणली होती.

"बाई, ह्याच्यात होते सगळ्यांचे फोन," मावशी म्हणाली. "बालाजी धा वाजता ठिवून गेला, त्यो जीप जळाल्यावर बी आला न्हाई. मग मीच त्याचा फोन पदरात बांधून पळाले. तुझ्या सायबाला सांग की."

"ठाण्यात सांगितलं का?"

"सांगितलं. ते म्हणले, गावच्या पोराला वाचवून राहिल्या तुम्ही बायका. म्हणून तुझ्याकडं आलाव. तू आपली हायेस."

"आई नाही आली?"

"ती लायनीत हाय. आमच्या घागरी तीच बघून राहिली. तिचा फोन बी होता की दुरडीत, तिला इचार पाह्यजे तर."

मी त्यांना पाणी दिलं. तिघींनी तांब्याभर पाणी एकेक घोट करत, थेंब न सांडता प्यायलं. मी म्हटलं, सांगते साहेबांना. त्यांचा विश्वास बसला. उठताना मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला. गेट ते साहेबांची केबिन हे अंतर साठ-सत्तर पावलांचं असेल. मी केबिनच्या दारापर्यंत गेले. सांगितलं असतं, तर साहेबांनी मूळ टॉवरची यादी पुन्हा उघडायला लावली असती, दुरडीतले सगळे नंबर एकत्र दिसतात का ते बघायला. आणि माझ्या यादीत एक ओळ कमी भरली असती. माझी नोकरी गेली असती, कदाचित मीच आत गेले असते. मी दारावरून परत फिरले आणि जाग्यावर येऊन बसले. त्यापुढचं काहीही मला कुणी करायला लावलेलं नाही.

मोबाईल खोटं बोलला नव्हता. तो म्हणत होता, मी चौकात आहे, आणि तो होताच चौकात. खोटं आम्ही बोललो, फोन आहे तिथं माणूस आहे असं म्हणून. एवढी साधी गोष्ट लायनीतल्या प्रत्येक बाईला माहीत होती. मला नव्हती, कारण मी त्या उन्हाळ्यात एकदाही लायनीत उभी राहिले नव्हते. दोन बादल्या दारात येत होत्या. गावापासून लांब जायला बदलीच लागते असं नाही, नळ वेगळा झाला तरी पुरतं.

बालाजी एकवीस दिवस कोठडीत होता. जामिनावर सुटला तोपर्यंत पडताळणीचा कागद 'गुन्हा दाखल' असा शेरा मारून गेला होता. खटला सहा वर्षं चालला. साती जण निर्दोष सुटले; न्यायाधीशांनी म्हटलं, टॉवरवरून माणूस ओळखता येत नाही. निकाल बरोबर होता. फक्त वय निघून गेलं होतं.

मी जिल्हाबदली मागून घेतली आणि नांदेडला आले. आईला सोबत ये म्हटलं. ती आली नाही. फोनवर बोलायची, पण त्या दिवसाबद्दल तिनं एक अक्षरही काढलं नाही. तिच्यासारख्या बडबड्या बाईनं इतकं गप्प राहावं, याचं मला ओझं व्हायचं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. अंत्यविधीला गाव आलं, बालाजीही आला, खांदा देऊन मागच्या मागं निघून गेला. नायगावच्या ओळखीतलं एक स्थळ माझ्यासाठी आलं होतं, ते मीच लांबवत लांबवत मोडलं. माझ्या क्वार्टरला आता चोवीस तास पाणी असतं. नळ सोडला की पाणी येतं आणि ते भरून ठेवायला मला फारशी भांडीसुद्धा लागत नाहीत.

क्लिपचा अहवाल लिहून दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि गावची एसटी धरली. का, ते नीट सांगता येणार नाही. साहेब बदलले, यंत्रं बदलली, आता आवाजसुद्धा खोटा बनवता येतो आणि मी त्यातली जाणकार म्हणून ओळखली जाते. ज्या बाईनं एक ओळ खोडली तिला लोक खरं-खोटं ठरवायला बसवतात, हे मला सहन होईना.

बालाजीचं दुकान स्टँडच्या मागं आहे. तो कॅमेरे बसवतो, दुकानांत, शाळांत, घरांवर. मला बघून उठला. केस पिकलेत त्याचे. खुर्ची पुसून दिली.

"यादी मी केली होती," मी बसायच्या आधीच म्हटलं.

"ठाव हाय."

"आईचा नंबर मी काढला होता त्यातून."

"ते बी ठाव हाय." त्यानं वायरचं भेंडोळं बाजूला ठेवलं. "दुरडीत तुझ्या आईच्या फोनावरच माझा ठिवला होता मी. मग कोर्टात लावलेल्या पहिल्या यादीत बाकी बायकांचे नंबर निघाले, तिचाच न्हाई, तवाच समजलं. वकील म्हणला, टॉवरचा सगळा कागद कंपनीकडून मागवू, एक जरी नंबर गाळलेला निघाला तर केस तिथंच मोडते. मी म्हणलो, राहू द्या."

"माझ्यासाठी?" हे विचारताना माझा आवाज मलाच ऐकवला नाही.

"न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "माझी घागर त्या उन्हाळ्यात तुझी आई ढकलायची. तिच्या पोरीला कोर्टात उभी करू का?"

मला रडू आलं. मी रडले. त्यानं पंखा वाढवला आणि रस्त्याकडे बघत बसला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "सा वरसांत सगळ्यांनी फोन कुठं होता तेच इचारलं. ठाण्यात बी, कोर्टात बी. मी कुठं होतो, हे कुणी इचारलंच न्हाई."

"कुठं होतास?"

"झोपलो होतो. घरी. पहाटंपसून लायनीत बसलो होतो, मग ग्राउंड मारून आलो, आन् पडलो. माय-बाप ऊसतोडीवरून आले नव्हते, घरात कुणीच न्हाई. झोपलेल्या माणसाला साक्षीदार कोण अस्तंय?"

चहा आला. दोघांनी घेतला. तेवढ्यात त्याच्या मोबाईलवर कुठल्याशा गिऱ्हाइकाची तक्रार आली, कॅमेरा दिसत नाही म्हणून, आणि त्यानं पडदा उघडून माझ्यासमोर धरला. छोट्या छोट्या चौकटी. कापडाचं दुकान, शाळेचं फाटक, आडतीतला वजनकाटा, एका घराचं अंगण. शेवटच्या चौकटीत एक खोली होती, खोलीत बाज, बाजेवर घडी घातलेली गोधडी. माणूस नाही, दुसरं काही सामानही नाही.

"हे कुणाचं घर?" मी विचारलं.

"माझंच."

"चोरी झाली का?"

"न्हाई. चोराला काय हाय तिथं?" त्यानं ती चौकट बोटानं मोठी केली, बाज नीट दिसावी म्हणून. "झोपताना चालू करतो. कुणी इचारलं, तर दाखवायला."